गोठ्यातील गणित : लहान मुलांची बेरीज आणि वजाबाकी



संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो मजुरी, महागाई आणि कायदा या तिन्हींपैकी एकावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी, आणि त्या कामी शेळी, मेंढी, बैल, चिमणी ही आपल्या दारची जनावरे-पाखरे कशी उपयोगी पडतात, हा माझा आजचा विषय आहे. मी शिक्षक नाही. माझी शाळा सातवीपाशी थांबली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती वाहताना आणि संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर. तरी हा विषय मी का घेतला, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांमागची गोष्ट. उसाचा हंगाम संपत आला होता. तोडणी मजुरांच्या एका तळावर मी गेलो होतो. माणदेशातला एक गडी माझ्याकडे कागद घेऊन आला. त्याने हंगामाआधी साठ हजार रुपये उचल घेतली होती. तोडणीचे त्रेचाळीस हजार पाचशे फिटले होते. बाकी म्हणून कागदावर सव्वीस हजार पाचशे लिहिले होते. आपल्यापैकी ज्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली असेल त्यांच्या ध्यानात आले असेल की बाकी सोळा हजार पाचशे हवी. डावीकडच्या घरातून हातचा घेतला, पण तिथला एक कमी करायचा राहिला, एवढीच ती चूक. ती मुद्दाम केलेली होती की नजरचुकीने झालेली, हे मी सांगू शकत नाही. पण त्या एका हातच्याची किंमत दहा हजार रुपये, म्हणजे पुढच्या हंगामातले कित्येक दिवस त्या नवराबायकोने फुकट राबणे, एवढी होती. मी त्याला विचारले, “हा हिशेब तुला बरोबर वाटतो का?” त्याने कागदाकडे पाहिले नाही. पलीकडे उभ्या असलेल्या मुकादमाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मुकादम म्हणतोय म्हंजी बराबर आसंल.”

त्याच वेळी त्याची सहा वर्षांची मुलगी बांधावरून शेळ्या घेऊन कोपीकडे आली. चार शेळ्या, तीन करडे. दारात येताच ती बापाला म्हणाली, “दादा, काळी आली न्हाय.” आणि तशीच माघारी पळाली. ती परत आल्यावर मी तिला कौतुकाने विचारले, “किती शेळ्या आहेत गं तुमच्या?” तिने मान हलवली. “तेवढं मोजाया येत न्हाय मला.”

त्या संध्याकाळी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना घासत राहिल्या. एक जनावर कमी आहे हे ज्या मुलीला क्षणात कळते, तिला सात मोजता येत नाहीत. आणि जो माणूस बाजारात बैल पारखून घेतो, तो आपल्याच मजुरीचा हिशेब दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतो. या दोहोंच्या मध्ये जी दरी आहे ती कशी बुजवायची, हाच लहान मुलांच्या गणिताचा खरा प्रश्न आहे. आणि ही दरी केवळ उसाच्या फडातच आहे असेही नाही. आपल्या देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ नावाची शिक्षणाची पाहणी होते. २०२४ सालच्या पाहणीत तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे चौतीस मुलांनाच हातच्याची दोन अंकी वजाबाकी करता आली. म्हणजे दर तिघांत जेमतेम एकाला.

आता आपण मुळापासून पाहू. त्या मुलीला काळी शेळी आली नाही हे कसे कळले? तिने मोजले नव्हते. तिने ओळखले होते. आपल्या घरात पाच माणसे जेवायला बसली आणि धाकटा दिसला नाही, तर आपण मोजतो का? नाही, धाकटा नाही हे दिसते. गुराख्याच्या मुलाला प्रत्येक जनावराचा रंग, शिंग, चाल आणि खोड ठाऊक असते. हे ज्ञान मोठे आहे, पण ते अजून गणित नव्हे. किंबहुना ते गणिताच्या आड येते. माझाच अनुभव सांगतो. मी लहानपणी शेळ्या राखीत होतो. शाळेत गुरुजींनी विचारले, “आठ शेळ्या होत्या, पाच विकल्या, किती राहिल्या?” मी विचारले, “गुरुजी, कोणत्या पाच?” त्याबद्दल मला एक चपराक बसली. आज मला वाटते, प्रश्न वाईट नव्हता. माझ्या लेखी तांबडी विकणे आणि बांडी विकणे यांत मोठा फरक होता. संख्या म्हणजे काय? तर कोणती हे विसरून किती एवढेच लक्षात ठेवणे. हे विसरणे मोठ्यांना सोपे वाटते, कारण ते आपण फार पूर्वी शिकलो. मुलाच्या दृष्टीने तो पहिला मोठा डोंगर असतो.

हा डोंगर सबंध मानवजातीनेही जनावरांच्याच संगतीने ओलांडला आहे. इराकमध्ये नुझी नावाचे प्राचीन शहर आहे. तिथल्या उत्खननात अंड्याच्या आकाराची, आतून पोकळ अशी एक मातीची वस्तू मिळाली. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर मेंढ्या, कोकरे, शेळ्या, बोकड यांची यादी कोरलेली होती आणि पोटात खडे होते. एका जनावराला एक खडा. मेंढका कळप घेऊन गेला आणि परत आला की खडे आणि जनावरे जुळवून पाहायची. जनावर, मग खडा, मग खूण असा तो प्रवास आहे. मोजणीला लॅटिनमधून आलेला जो शब्द युरोपात रूढ झाला त्याचाही मूळ अर्थ खडा असाच आहे. त्याच भाषेत पैशाला ‘पेकुनिया’ म्हणत. तो शब्द गुराढोरांना म्हणत त्या ‘पेकुस’वरून आला, आणि ‘पेकुस’ व आपला ‘पशु’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. माणसाने पैसा मोजण्याआधी पशू मोजले. मग माणसाच्या पोराने तरी निराळ्या वाटेने का जावे?

येथे कोणी म्हणेल, मोजायलाच पाहिजे असेल तर चिंचोके आहेत, मणी आहेत. जनावरेच कशाला? याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. चिंचोका जिथे ठेवाल तिथे पडून राहतो. शेळी मात्र येते, जाते, बसते, हरवते, विते. तिला भूक लागते, तिला दावे लागते, तिच्या करडाला ती लागते. बेरीज आणि वजाबाकी हे दोन्ही घटनांचे हिशेब आहेत, आणि घटना जनावरांच्या अंगी उपजत आहेत. मुलाला ‘तीन अधिक दोन’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ‘तीन शेळ्या पाण्यावर होत्या, आणखी दोन आल्या’ म्हटले की तळे, शेळ्या आणि धूळ सगळे उभे राहते, आणि उत्तर त्या चित्रात दिसू लागते.

बेरीज त्या मानाने सोपी. तिचे दोन प्रकार मुलाला निरनिराळे करून दाखवावेत. पहिला प्रकार येण्याचा : चार चिमण्या अंगणात टिपत होत्या, दोन आणखी उतरल्या. दुसरा प्रकार एकत्र धरण्याचा : वाड्यात तीन शेळ्या आहेत आणि चार मेंढ्या आहेत, मिळून जनावरे किती? या दुसऱ्या प्रकारात कोणी आले नाही, कोणी गेले नाही. आपणच शेळी आणि मेंढी हा भेद क्षणभर बाजूला ठेवून दोघींनाही ‘जनावर’ म्हणतो. मघाशी मी ज्या विसरण्याविषयी बोललो त्याचा हा पहिला धडा आहे.

खरी अडचण वजाबाकीत आहे. आपल्या शब्दाचीच फोड पाहा. वजा म्हणजे काढून टाकलेले, बाकी म्हणजे उरलेले. दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. शब्द सुंदर आहे, पण तो वजाबाकीचा एकच चेहरा दाखवतो. तिचे चेहरे तीन आहेत. पहिला, ‘गेले किती, राहिले किती’ : सात मेंढ्या होत्या, तीन बाजारात गेल्या. दुसरा, ‘जास्त किती’ : तुझ्याकडे सात मेंढ्या, माझ्याकडे चार, तुझ्या किती जास्त? तिसरा, ‘लपले किती’ : वाड्यात सात मेंढ्या असायला हव्यात, चार दिसतात, किती दिसत नाहीत? पाटीवर तिन्ही ठिकाणी सातातून काही वजा करायचे असते. मुलाच्या मनात मात्र ती तीन निराळी गणिते असतात, आणि शाळेत आपण बहुधा पहिले शिकवून तिसऱ्याची परीक्षा घेतो.

यातला दुसरा चेहरा मुलांना फार अवघड जातो. याविषयी टॉम हडसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्याने मुलांना एक चित्र दाखवले. चित्रात काही पक्षी होते आणि त्यांच्याहून कमी अळ्या होत्या. प्रश्न विचारला, “अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त आहेत?” पहिलीतल्या शंभरांपैकी चौसष्ट मुलांना उत्तर आले, त्याखालच्या वर्गात पंचविसांना, आणि अगदी लहान शिशुवर्गात सतरांना. मग तेच चित्र पुढे ठेवून प्रश्न बदलला : “समजा, सगळे पक्षी अळ्यांवर धावले आणि प्रत्येकाने एक अळी मिळवायची धडपड केली, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?” आता पहिलीतली शंभरच्या शंभर मुले बरोबर आली, त्याखालची शहाण्णव, आणि शिशुवर्गातलीसुद्धा त्र्याऐंशी.

श्रोतेहो, चित्र तेच, आकडे तेच, मुले तीच. बदलले काय? पक्ष्याला भूक लागली, एवढेच. ‘किती जास्त’ या शब्दांत मुलाला करण्यासारखे काही नव्हते. भूक लागताच एका पक्ष्यापुढे एक अळी अशी जोडी लावायचे काम त्याच्या हाती आले, आणि जोडीवाचून उरलेले पक्षी म्हणजे उत्तर. ज्या मुलाला आपण मठ्ठ म्हणून मागच्या रांगेत बसवतो, त्याला वजाबाकी येत नसते असे नाही. त्याला आपला प्रश्न येत नसतो.

हाच प्रयोग आपल्या भागात कोणीही करू शकतो. आषाढातल्या बेंदराला आपल्याकडे घरोघर मातीचे बैल आणतात. सण झाला की ते कोनाड्यात पडून राहतात. त्यांतले पाच बैल घ्या. जमिनीत तीन काड्या रोवा आणि त्यांना खुंटे म्हणा. मुलाला विचारा, “संध्याकाळ झाली, एका खुंट्याला एकच बैल बांधायचा. किती बैलांना खुंटा मिळणार नाही?” मूल एकेक बैल खुंट्याशी नेऊन उभा करील आणि उरलेल्या दोहोंकडे बोट दाखवील. हे चार दिवस झाले की मगच म्हणा, “म्हणजे खुंट्यांपेक्षा बैल किती जास्त?” आता ‘जास्त’ या शब्दाखाली त्याच्या ओळखीची जमीन आहे. वासरे आणि गाई, कोंबड्या आणि खुराडी, बैलजोडी आणि जू, अशी कितीतरी गणिते याच रीतीने बसवता येतील.

आता एका घोड्याची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त शिक्षकाने हान्स नावाचा घोडा पाळला होता. त्याला बेरीज-वजाबाकी येते अशी ख्याती होती. प्रश्न विचारला की हान्स टाप आपटून उत्तर देई. १९०४ साली विद्वानांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने पाहिले, तेव्हा कळले की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. घोडा आकडे मोजत नव्हता. टापा बरोबर संख्येवर आल्या की विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत जो सूक्ष्म बदल होई, तो पाहून तो थांबत होता. धनी लबाड नव्हता, घोडा तर नव्हताच. दोघेही फसले होते.

मी बालवाड्यांतून आणि शाळांतून हिंडलो आहे. तेथे मला असे कितीतरी हान्स दिसले. बाई विचारतात, “पाच आणि तीन?” मूल म्हणते, “सात?” आणि बाईंच्या तोंडाकडे पाहते. भुवई जरा वर गेली की म्हणते, “आठ!” बाई म्हणतात, शाबास. त्या मुलाने काय मोजले? त्याने भुवई मोजली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९७९च्या सुमारास शिक्षकांनी दुसरी-तिसरीच्या मुलांना मुद्दाम एक वेडा प्रश्न घातला : जहाजावर सव्वीस मेंढ्या आणि दहा शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? सत्त्याण्णव मुलांपैकी शहात्तर जणांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिले. ही मुले मूर्ख नव्हती. बाईंनी दोन आकडे दिले म्हणजे त्यांचे काहीतरी करायचे असते, एवढे शाळेने त्यांना शिकवले होते. जनावरे प्रश्नात नुसती घातली म्हणून गणित जिवंत होत नाही, हेही यावरून ध्यानात घ्यावे.

आणि आता मला त्या फडातल्या गड्याची आठवण होते. कागद सोडून मुकादमाचा चेहरा वाचणारा तो गडी आणि बाईंची भुवई वाचणारे हे मूल, यांत फरक कोणता? मोठेपणी जो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हिशेब वाचतो, तो लहानपणी तसाच वाचायला शिकलेला असतो. म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे आहे : मुलाला उत्तर शिक्षकाकडून मिळता कामा नये, ते मोजलेल्या वस्तूकडून मिळाले पाहिजे. जनावरांचा खरा उपयोग करमणुकीचा नाही. उत्तर बरोबर की चूक हे मुलाला कोणाचेही तोंड न पाहता स्वतः पडताळता यावे, हा आहे.

यासाठी एक साधा खेळ सांगतो. मेंढरांऐवजी सात पांढरे खडे घ्या. मुलाकडून मोजून घ्या. त्याला डोळे मिटायला सांगून काही खडे घोंगड्याच्या तुकड्याखाली सारा. “पाऊस आला, काही मेंढरं घोंगड्याखाली गेली. चार बाहेर आहेत. आत किती?” मूल उत्तर देईल. ते बरोबर की चूक हे आपण सांगायचे नाही. फक्त म्हणायचे, “उचल आणि बघ.” घोंगडे उचलल्यावर मेंढरेच त्याला सांगतील. हा वजाबाकीचा तिसरा चेहरा, ‘लपले किती’, आणि हाच पुढे बीजगणितात अज्ञात संख्येच्या रूपाने त्याला भेटणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात या विचाराची मोठी परंपरा आहे, तिचे स्मरण करणे मला कर्तव्य वाटते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने अशी परिसरातली साधने हाती घेतली. तेथली आदिवासी मुले गुरे राखायला रानात जात, शाळेत कशी येणार? तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा बाणा होता. आपल्या साताऱ्याच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी तेच केले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि गावोगाव शाळा पोचल्या. ज्या भूमीत हे घडले, त्या भूमीत माडग्याळी मेंढी आणि खिल्लार बैल असताना पोराने पुस्तकात झेब्रे मोजावेत, हे मला तरी विपरीत वाटते.

हे शिक्षण घरी किंवा बालवाडीत द्यायचे तर क्रम असा ठेवावा. प्रथम खरी जनावरे : गोठ्यात जाऊन, बोट लावून, एकेक मोजणे. मग मातीची किंवा लाकडाची जनावरे, ज्यांना हलवता येते. मग जनावराच्या जागी खडा किंवा चिंचोका, पण तोंडी गोष्ट जनावराचीच. मग पाटीवर उभ्या रेघा, एका जनावराला एक. आणि सर्वांत शेवटी आकडा व चिन्ह. प्रत्येक पायरीवर मुलाने गोष्ट सांगावी आणि आपण खडे मांडावेत, नंतर आपण गोष्ट सांगावी आणि त्याने मांडावेत. दहाच्या आत हे सारे पक्के झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या मराठीत वीसपुढचे अंक बोलणे मुलांना जड जाते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा त्यावर केवढा वाद झाला हे आपणांस आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. एवढेच दाखवतो की ‘एकोणीस’ म्हणजे एकाने उणे वीस. वजाबाकी आपल्या आजीच्या बोलण्यातच होती. एकोणीस खडे मांडून ‘वीस व्हायला एक मेंढरू कमी’ असे मुलाला दाखवले तर तो शब्द त्याला पाठ करावा लागणार नाही.

दोन पथ्ये सांगितली पाहिजेत. पहिले, जिवंत प्राण्याला साधन समजून छळू नये. कोंबडीची पिल्ले पाटीत कोंडून, चिमणीच्या पायाला दोरा बांधून गणित शिकवायचे नाही. त्यातून मूल आकडा शिकेल आणि निर्दयपणाही शिकेल. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे आहे : जनावर वेळेवर सोडून दिले पाहिजे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना ही मुले शंभरात अठ्ठ्याण्णव हिशेब बरोबर करीत. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा शंभरात सदतीसच बरोबर आले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांविषयीही असाच निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात उलट बाजूही दिसली : शाळेत कागदी गणिते करणारी मुले बाजाराच्या हिशेबात अडखळत होती. म्हणजे गोठ्यातून कागदावर जाणारा पूल आपोआप होत नाही. तो एकेक खडा टाकून बांधावा लागतो. कोणी म्हणेल, कष्टकऱ्याच्या पोराला व्यवहाराचे गणित येते तेवढे पुरे. मी याच्या सक्त विरुद्ध आहे. उचलीचा हिशेब गोठ्यात होत नाही, तो कागदावर होतो. ज्याला कागदावरची वजाबाकी येत नाही, त्याची बाकी दुसराच कोणी ठरवतो.

आता त्या तळावरची गोष्ट पुरी करून आपली रजा घेतो. हंगाम संपायला आठवडा होता. मी रोज संध्याकाळी तिकडे जात होतो. त्या मुलीला सात खडे दिले, एका जनावराला एक, करडांना बारके. पहिले दोन दिवस ती प्रत्येक खड्याला शेळीचे नाव घेई. काळीचा खडा तिने काळाच निवडला होता. तिसऱ्या दिवशी मी सगळे खडे सारख्याच रंगाचे आणले. ती रुसली, पण मोजू लागली. चौथ्या दिवशी टॉवेलाखाली काही खडे लपवले आणि विचारले, आत किती? तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. तेव्हा मी दुसरा टॉवेल माझ्याच तोंडावर घेतला. सगळी कोपी हसली. थोड्या वेळाने टॉवेलापलीकडून तिचा आवाज आला, “तीन.” मी काहीच बोललो नाही. तिने उचलून पाहिले आणि स्वतःशीच म्हणाली, “तीनच हायती.”

तिचा बाप चुलीशी बसून हे पाहत होता. दिवा लागल्यावर तो म्हणाला, “आण्णा, तेवढा कागद पुन्हा दावा.” आम्ही साठ खडे मांडले, एक खडा हजाराचा. त्याने स्वतःच्या हाताने त्रेचाळीस बाजूला काढले, आणि राहिलेल्यांतला एक अर्धा धरून तोही काढला. सोळा आणि अर्धा उरला. त्याने तीनदा मोजले. दुसऱ्या दिवशी मुकादमापुढे तो कागद घेऊन उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “ह्ये पुन्हा करून दावा.” मुकादमाने पुन्हा वजाबाकी केली, त्या वेळी सोळा हजार पाचशेच आले. मी त्या वेळी तेथे बोललो नाही. बोलण्याची गरज उरली नव्हती.